घडी न पडलेला काप

"माणूस आतून कसा आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक. एक परमेश्वर आणि दुसरा मी," असं पातळरावांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

"आधी स्वेटर सुलटा घाला," बायको म्हणाली. "शिवणी बाहेर आल्यात."

पातळरावांनी निमूट स्वेटर काढला. देहाने ते चांगले ऐसपैस होते. 'पातळराव' हे नाव त्यांना इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मिळालं होतं. कुणाच्या अंगातली गाठ तपासायची असली, की तिचा तुकडा मेणात बसवून त्यांच्यापुढे यायचा. ते यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे, रंगवायचे. मग डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून सांगायच्या, गाठ साधी की वाईट. खुद्द पातळरावांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. गुलाबी दिसतं आणि जांभळं दिसतं, इतकंच. परमेश्वराशी बरोबरी होती ती कापण्यापुरती.

आणि घरी हाच माणूस कोबी चिरायला बसला, की एकेक तुकडा दाराला अडसर लावावा असा. "हा कोबी आहे की फळ्या?" हे बायको संसारभर विचारत आली होती.

आज तिने वेगळंच विचारलं. "माझ्या गाठीचा तुकडा आज आहे ना?"

"आहे. पण घरच्या माणसाचा आपण कापायचा नसतो. दुसरं कुणीतरी कापेल."

"काही नको परक्याच्या हाती. तुम्हीच कापा." मग ती जरा हसली. "आणि बाईंची बोलणी खाऊन या, म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाईंनी आजवर पातळरावांच्या एकाही कापाला बरं म्हटलं नव्हतं. कधी घडी पडलेली असायची, कधी सुरीचे ओरखडे, कधी "हा काप आहे की चादर?" रात्री जेवताना पातळराव बाईंच्या आवाजात ही सगळी बोलणी करून दाखवायचे आणि बायकोला हसता हसता ठसका लागायचा.

"तुम्ही नका हो कापू," बाई त्या सकाळी म्हणाल्या.

"घरून हुकूम आहे."

"मग माझं काय चालणार!"

पातळरावांनी नवं पातं लावलं. मेणाचा ठोकळा बर्फावर गार केला, श्वास धरला आणि यंत्राचा दांडा फिरवला. काप असा उतरला, की पाण्यावर ठेवताच दिसेनासा झाला. बाईंना शंकेला जागा राहू नये म्हणून त्यांनी जीव ओतला होता आणि बाईंनी खोड काढावी म्हणून मनातल्या मनात हातही जोडले होते.

रंगवलेली काच बाईंनी बराच वेळ पाहिली. किंचित सरकवली, पुन्हा पाहिली. पातळराव शेजारीच उभे.

"कोपऱ्यात घडी पडलीय ना?"

"नाही."

"ओरखडे असतील सुरीचे."

"नाहीत हो."

"मग रंग तरी जास्त झालाय."

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली नाही. "पातळराव," त्या म्हणाल्या, "फार सुंदर काप काढलात."

"आणखी खोलातला एक काढून बघू का? तिथे काही वेगळं..."

"नको. गरज नाही."

कौतुक झाल्यावर काहीतरी बोलायचं असतं, एवढं त्यांनी ऐकलं होतं, सवय नव्हती. "आभारी आहे," ते म्हणाले आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर आले.

संध्याकाळी बायको कोबी आणि सुरी पुढ्यात घेऊन बसली होती. "काय मग, किती बोलणी खाल्लीत?"

पातळराव बूट काढत होते. काढत राहिले. जन्माला पुरतील एवढी बोलणी त्यांना पाठ होती, त्यातलं एखादं सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी बाईंचा आवाज लावायला घेतला, "हा काप आहे की..." आणि आवाज काही लागेना.

"काप सुंदर आलाय, म्हणाल्या."

बायकोची सुरी थांबली.

"अगबाई," ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी!"

पातळराव तिच्याशेजारी बसले. तिच्या हातातली सुरी त्यांनी काढून घेतली, कोबी पुढे ओढला आणि चिरू लागले. सावकाश, श्वास धरून. एकेक काप असा पडत होता, की पलीकडचा दिवा दिसावा. आयुष्यात पहिल्यांदाच. बायको काही वेळ बघत राहिली.

"असा नको हो," ती म्हणाली. "जाडच चिरा. नेहमीसारखा."