फिनेलसाहेबांचा पाय

बाजारात त्यांना सगळे फिनेलसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात त्यांनी स्वतःच्या नाकावर तर नाहीच, दुसऱ्याच्या बरणीवरसुद्धा माशी बसू दिली नाही. दुकानात शिरले की आधी टाचा उंचावून दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचे. बोटाला धूळ लागली की संपलंच! दुकानदार काकुळतीला यायचा, "साहेब, चुकून राहिलं हो." साहेबांचं उत्तर ठरलेलं. "चुकून झालं असा रकाना माझ्या फॉर्मात नाही." बायको घरी म्हणायची, "लोक नोकरीत माश्या मारतात ते बसून. आमचे हे धावून धावून मारतात."

असा माणूस निवृत्त झाला आणि नव्या बुटाने घात केला. टाच घासली. साखर आधीच वाढलेली, त्यामुळे जखम चिघळली आणि महिन्याभरात टाचेचं मांस काळं पडलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी सरळच सांगितलं, "काका, औषधं लागू पडत नाहीयेत. सोमवारी पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. तोवर एकच उपाय हातात आहे. जखमेत अळ्या सोडायच्या."

"कसल्या अळ्या?"

"माशीच्या."

साहेब इतके चिडले की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "बाई, शुद्धीवर आहात का? हे असलं अंगाला लावून घेण्यापेक्षा मी मेलेला बरा!"

डॉक्टरीणबाई शांत. जुन्या लढायांत दोन-दोन दिवस रणात पडून राहिलेल्या शिपायांच्या जखमांत अळ्या व्हायच्या, त्यांनी सांगितलं, आणि कधीकधी त्याच जखमा इतरांपेक्षा स्वच्छ निघायच्या. अळ्या सडलेलं तेवढं खातात, जितं मांस सोडतात. पुढे नवी औषधं आली आणि लोक हे विसरले. आता त्या औषधांना जंतू दाद देईनासे झाले, म्हणून पुन्हा अळ्यांची आठवण झाली.

"अहो, ऐका ना," बायको म्हणाली. "मला तुमचा पाय हवाय."

साहेब म्हणाले, "जिथे वाढवतात ती जागा बघेन. त्याशिवाय सही नाही."

म्हणून बुधवारी सकाळी त्यांना चाकाच्या खुर्चीतून तळघरात नेलं. तिथे एक चष्मेवाली मुलगी जाळीच्या पिंजऱ्यांत हिरव्या माश्या पाळायची, त्यांची अंडी निर्जंतुक करायची आणि निघालेल्या अळ्या वॉर्डात पाठवायची. साहेबांनी खिशातून टॉर्च काढला. मोरी बघितली, कपाटाखाली बघितलं, नोंदवही चाळली. शेवटी बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहिले आणि चौकटीवरून बोट फिरवलं. बोट कोरं! त्यांनी ते दोनदा उजेडात धरलं. बत्तीस वर्षांत इतकी स्वच्छ खोली पाहिली नव्हती, आणि निघाली ती माश्यांची. तसं तोंडाने कबूल करतील तर ते साहेब कसले? "ठीक आहे," एवढंच म्हणाले आणि सही केली.

दुपारी तांदळाच्या कण्यांएवढ्या अळ्या जखमेत सोडून वर जाळीची पट्टी बांधली. सिस्टरने बजावलं, "काका, तपकिरी पाणी झरेल, घाबरायचं नाही. त्यांनाही श्वास घ्यायचा असतो, तेव्हा वरून काही म्हणजे काही ओतायचं नाही." साहेबांनी मान डोलावली. पायात बारीक वळवळ सुरू झाली. त्यांनी डोळे मिटून दात आवळले.

आता एक गोष्ट सिस्टरला ठाऊक नव्हती. साहेबांच्या उशीखाली जंतुनाशकाची बाटली होती. कुठेही जाताना ती बरोबर असायचीच. इस्पितळाच्या खाटेचे दांडे त्यांनी पहिल्याच दिवशी त्याने पुसून काढले होते.

गुरुवारी दुपारी बायको घरी गेली होती. पट्टीतून घाण पाणी चादरीवर उतरलं, वास सुटला, आणि साहेबांचा हात आपोआप उशीखाली गेला. घाण पाणी दिसलं की ओत, ही बत्तीस वर्षांची सवय. तिने डोक्याला विचारलंच नाही. अर्धी बाटली रिकामी झाली.

थोड्या वेळाने वळवळ थांबली. आधी त्यांना हायसं वाटलं. मग आपण काय केलं ते लक्षात आलं. पाय एकदम मुका झाला होता.

तेवढ्यात सिस्टर फेरीला आली. "काय काका, होतायत ना गुदगुल्या?"

"हो, हो," साहेब म्हणाले. सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली. आयुष्यात किती दुकानदार त्यांच्याशी असं खोटं बोलले असतील! प्रत्येकाचं खोटं त्यांनी पकडलं होतं. आता स्वतःचं कोण पकडणार? "सिस्टर!" ते ओरडले. "इकडे या. मी घोटाळा केलाय."

तळघरातली मुलगी नोंदवही घेऊन वर आली. तिने पट्टी उघडली आणि जखम मिठाच्या पाण्याने धुऊन काढली. एकही अळी जिवंत नव्हती. साहेब भिंतीकडे बघत पडून राहिले. ही आता आपल्याला फाडून खाणार, आणि तिने तसं केलंच पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. मुलीने लिहायला घेतलं.

"कारण काय लिहू, काका?"

साहेब भिंतीकडेच बघत म्हणाले, "चुकून झालं."

मुलीने वहीत एके ठिकाणी बरोबरची खूण केली. साहेब उठून बसले. "म्हणजे? असा रकाना आहे तुमच्याकडे?"

"आहे की. माणसं आहेत म्हटल्यावर चुका होणारच." मुलीने वही मिटली. "नवी खेप उद्या सकाळी तयार होईल. सोमवारपर्यंत तीन दिवस मिळतील. एवढीच संधी आहे बरं का, काका." जाताना ती उशीखालची बाटली घेऊन गेली.

साहेबांना जुनी गोष्ट आठवली. पंधरा वर्षांपूर्वी बाजारातल्या बेकरीवाल्याच्या काचेच्या कपाटात त्यांना एक मेलेली माशी सापडली होती. एकच. बाकी दुकान लखलखीत होतं. बेकरीवाला हात जोडून तेच दोन शब्द म्हणत राहिला आणि साहेबांनी चार दिवस त्याची भट्टी थंड ठेवली.

ते तीन दिवस बायको त्यांचा हात धरून बसली. पाणी झरलं, वास आला, वळवळीने जीव नकोसा झाला, पण साहेब हलले नाहीत. रविवारी दुपारी वळवळ जरा मंदावली तर घाबरून तेच म्हणाले, "अगं, बघ ना, आहेत ना त्या? जिवंत आहेत ना?"

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. फुगून टपोऱ्या झालेल्या अळ्या बाजूला केल्या, जखम धुतली आणि बराच वेळ वाकून बघितलं. टाचेचा एक तुकडा कायमचा गेला होता. उरलेलं मांस लालबुंद होतं.

"ऑपरेशन रद्द करा," त्या म्हणाल्या. बायको तोंडाला पदर लावून हुंदके देत रडली. साहेबही रडले, सगळ्या वॉर्डासमोर.

दोन महिन्यांनी साहेब काठी टेकत एकटेच बाजारात गेले. बेकरीवाल्याने त्यांना दारात पाहिलं मात्र, हातातलं फडकं घेऊन आधी चौकट पुसायला धावला. साहेब कधीचे निवृत्त झाले होते, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याचा हात आपोआप वर गेला.

"राहू द्या हो," साहेब म्हणाले. "तपासायला नाही आलो."

"मग? पाव देऊ?"

"द्या मागाहून." साहेबांनी घसा खाकरला. "ती माशी... त्या दिवशी तुमचं चुकून झालं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

बेकरीवाल्याने गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची उचलून आणली, फडक्याने झटकली आणि म्हणाला, "बसा, साहेब. पायावर जोर नका देऊ."