ज्याचं नाव घ्यायचं नाही असा पक्षी

फैजपूरच्या रुपचंद आबांच्या घरात घुबडाचं नाव घेत नसत. अगदी वेळ आलीच तर ‘ते’ म्हणत. त्यामुळे थोरल्या सुनेचं, नूतनचं, संशोधन चार वर्षं नुसतं ‘पक्ष्यांवर’ चाललं होतं. कोणते पक्षी, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सासूबाई शेजारणींना पोपट म्हणून सांगत.

जळगावच्या वन्यजीव परिषदेत निबंध वाचायचा होता, त्या सकाळी सासूबाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. अंगणात आबा मळ्यातल्या सालदाराला, नथ्थूला, काम सांगत होते. उद्या लेकीला, सोनलला, बघायला पाहुणे येणार, ते मळाही बघणार. तेव्हा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतल्या माळ्यावर ‘त्यां’नी केलेलं घरटं आजच काढून टाक, अपशकुन नको.

घरट्यात दोन पिल्लं होती. नूतनच्या निबंधाचा निम्मा पुरावा त्याच माळ्याखाली गोळा झालेला. तिनं दही-साखर गिळली आणि एसटी पकडली.

परिषदेच्या फलकावर वाघ होता. सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. नूतनची पाळी आली तेव्हा सभागृहात वरणाच्या फोडणीचा वास शिरला होता. तरी ती छान बोलली. घुबडाला जे पचत नाही, ते त्याची गोळी करून ओकतं. त्या गोळ्या फोडल्या की हाडं सापडतात ती बहुतेक उंदरांची, ठिबकच्या नळ्या कुरतडणाऱ्या. शेतकऱ्याच्या मनातली भीती घालवलीच पाहिजे, असं तिनं शेवटी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या.

सत्राच्या अध्यक्षा होत्या अमळनेरच्या निवृत्त प्राध्यापिका ज्योत्स्नाताई. निरीक्षणं कुणाच्या मळ्यातली, असं त्यांनी विचारलं.

“आमच्याच.”

“मग घरच्यांना पटलंच असेल.”

नूतन अडखळली. “घरी अजून सांगितलेलं नाही. आणि आज... आज ते घरटं काढताहेत.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ज्योत्स्नाताई हसल्या नाहीत.

“बाई गं, इथं घुबडाला भिणारं कुणी बसलेलं नाही. न भिणाऱ्यांनाच आपण धीर देतोय. भिणारी माणसं घरी असतात आणि त्यांच्यापुढे आपली वाचा जाते. प्रमाणपत्र मागाहून मिळेल, आधी फोन कर.”

नूतननं व्हरांड्यातून फोन लावला. “आबा, माझा अभ्यास घुबडाचा आहे. चार वर्षं तेच करतेय. ते घरटं राहू द्या.”

 आबा म्हणाले, “पोरीच्या सोयरिकीचं काम आहे. तुले समजत नाही का?”

फोन स्पीकरवर असावा; मागून सोनलचा आवाज आला. “आबा, माझ्या सोयरिकीसाठी कुणाची पिल्लं मारू नका. घुबडाला भिऊन परत जाणारा माणूस मले नकोच. वहिनी, मी मळ्यात निघाले.”

पण नथ्थूनं काठी आधीच चालवली होती. नूतन मळ्यात पोचली तेव्हा सोनल केळीच्या वाळक्या पानांवर बसली होती. एक पिल्लू पदराखाली फिसफिसत होतं. दुसरं शेजारी गार पडलं होतं. आबा दाराशी उभे होते. त्यांना काही विचारायचं होतं, पण सुनेला काही विचारायची त्यांना सवय नव्हती.

“याची माय येईल का परत?” त्यांनी अखेर विचारलं.

“येईल, आपण लांब राहिलो तर.”

आबांनी नथ्थूला माळ्यावर खोकं बसवायला सांगितलं, पिल्लू वर ठेवायला लावलं आणि सगळ्यांना बांधापर्यंत मागे नेलं. स्वतः खाली मान घालून उभे राहिले. अंधार पडता पडता एक पांढरी सावली आवाज न करता खोलीत शिरली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. त्यांचा निरोप अजून यायचा आहे.

मंडळी, नूतन अंगणात एक वाक्य बोलली असती, तर मेलेलं पिल्लू आज जिवंत असतं. तिला माहीत होतं, आणि ती गप्प बसली, कारण समोर घरची माणसं होती. आपणही सगळे तेच करतो. परिषदा जरूर भराव्यात. पण व्यासपीठावर जे ठासून सांगायचं, ते आधी आपल्या उंबऱ्याच्या आत सांगावं. तिथं कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि सांगायची खरी गरज तिथंच असते.