मी ‘झालं’ म्हणत राहिलो

मी रक्ततपासणीच्या लॅबमधला कॉम्प्युटर बोलतोय. खिडकीखालच्या टेबलावर, कापसाचा डबा आणि नळ्यांचा स्टँड यांच्यामध्ये जो मळकट, पिवळट खोका दिसतो, तो मीच. जवळ या, पण नाक मुरडू नका. माझ्या कीबोर्डच्या फटींत बारा वर्षांचा बिस्किटांचा चुरा आहे, पण तो मी खाल्लेला नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. माझ्यात भरलेली सिस्टिमही तेव्हा नवीकोरी होती. सिस्टिम म्हणजे आमचा स्वभाव. काय जमतं आणि काय नाही, ते तीच ठरवते. मला शेजारच्या रक्त तपासणाऱ्या यंत्राला जोडलं. यंत्राने आकडे पाठवायचे, मी ते छापायचे. सरळ, स्वच्छ काम.

माझ्यासमोर ताई बसायची. लॅबमध्ये ती एकटीच तंत्रज्ञ. तिच्याजवळ एक लाल वही होती. एखादा आकडा धोक्याचा आला की ती तो वहीत लिहायची आणि हातातलं काम टाकून पेशंटच्या घरी फोन लावायची. पलीकडचा माणूस “हो, समजलं” म्हणाला की मगच नावापुढे सही करायची. मला त्या वहीचा फार आदर होता.

मग एक दिवस माझी सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले. यापुढे दुरुस्ती नाही, संरक्षण नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी पडद्यावर पिवळा चौकोन आणायचो : ‘ही सिस्टिम आता जुनी झाली आहे. बदलून घ्या.’ चार वर्षांत तो कोणी शेवटपर्यंत वाचला असेल तर शपथ! लॅबचे मालक, म्हणजे डॉक्टर, माशी हाकलावी तसे ‘ठीक आहे’वर टिचकी मारायचे. काय ठीक होतं, ते त्यांना विचारा.

पुढे रिपोर्टचं सॉफ्टवेअर नवं आलं. त्याने मला पाहिलं आणि माझ्यावर चढायला साफ नकार दिला. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो!

पण डॉक्टरांनी जादूगाराला बोलावलं. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. काहीही चालू करून देतो, म्हणून त्याला सगळे जादूगार म्हणतात.

“हे याच्यावर चढत नाही म्हणतंय,” डॉक्टर म्हणाले.

“चढत नाही म्हणजे? त्याचा बाप चढेल!”

“नवाच घेऊ या ना, डॉक्टर,” ताई म्हणाली.

“अहो ताई,” डॉक्टर म्हणाले, “या यंत्राची वायर नव्या कॉम्प्युटरला जुळत नाही. म्हणजे यंत्रही नवं घ्या, मग टेबलही नवं घ्या! चाललंय ना? मग चालू द्या.”

जादूगाराने बाही सरसावली आणि माझ्यात एक ठिगळ लावलं. त्या ठिगळाचं काम दोनच गोष्टींचं. सॉफ्टवेअरने “तू कोण?” विचारलं, की “मी नवी सिस्टिम” असं सांगायचं. आणि मला न येणारं एखादं काम त्याने सांगितलं, की नुसतं “झालं” म्हणायचं. करायचं काहीच नाही.

मला शिसारी आली. मी जुना होतो, मंद होतो, पण खोटारडा नव्हतो.

सॉफ्टवेअर सुरू झालं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. “बघा ताई, आता धोक्याचा आकडा आला की हे स्वतःच लाल इशारा देणार, वर घंटाही वाजवणार. तुम्ही आता वह्या भरत बसू नका, नळ्यांकडे बघा.” लाल वही माझ्या पडद्याखाली सरकवली गेली, उंचीसाठी. एवढ्या मानाची वही, आणि तिच्यावर मी बसलो.

शिंपीआजोबा दर महिन्याला यायचे. त्यांची किडनी कमजोर, म्हणून रक्त तपासावं लागायचं. आले की माझ्या डोक्यावर थाप मारायचे. “काय रे म्हाताऱ्या, आहेस का अजून?”

“तुम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर टिकून आहात,” ताई हसायची.

त्या दिवशी सकाळी दहाला त्यांचं पोटॅशियम आलं सात पॉइंट एक. एवढ्यावर हृदय कधीही थांबू शकतं. सॉफ्टवेअर मला ओरडून म्हणालं, “लाल इशारा दाखव! घंटा वाजव!” तसा इशारा माझ्या सिस्टिमला येतच नाही. माझ्यातलं ठिगळ शांतपणे म्हणालं, “झालं.” सॉफ्टवेअर निर्धास्त झालं. ताई पुढच्या नळीकडे वळली होती. मी आकडा छापला, घंटा वाजली नाही म्हणून ताईने न वाचताच घडी घातली, पाकीट टोपलीत पडलं. माझ्या पोटात तो आकडा होता, आणि माझ्या पडद्यावर, काम नसताना दिसणारं, स्क्रीनसेव्हरचं गुलाबी फूल उमलत होतं.

साडेचारला त्यांची सूनबाई पाकीट न्यायला आली. “बाबांना दुपारपासून काय झालंय कोण जाणे. हातात त्राण नाही. कात्रीसुद्धा उचलत नाही म्हणतात.”

ताईने तिच्या हातातलं पाकीट ओढून फाडलं. तिचं बोट पोटॅशियमच्या आकड्यावर थांबलं. “आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या. घरी जाऊन आवराआवर करत बसू नका. मी तिथे फोन करते.”

आजोबा वाचले. तीन दिवस नळ्या-वायरींमध्ये पडून होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी जादूगाराने मला तपासलं. “डॉक्टर, एकही एरर नाही. इशारा दाखवून झाला, अशी नोंद आहे.”

“म्हणजे ताईंच्या नजरेतून सुटला,” डॉक्टर म्हणाले.

बारा वर्षं मी या माणसांचे शिंतोडे, खरकटं, शिव्या सोसल्या. पण इतकी किळस मला कधी आली नव्हती. आणि सगळ्यात जास्त माझीच, कारण ती खोटी नोंद माझ्या पोटातून निघाली होती.

ताई पुढे आली. खुर्ची ओढून बसली. एक खोटा पेशंट तयार केला आणि पोटॅशियमपुढे नऊ लिहिलं. तिघं माझ्या पडद्याकडे बघत राहिले. सॉफ्टवेअर ओरडलं. ठिगळ म्हणालं, “झालं.” पडद्यावर काहीच आलं नाही. थोड्या वेळाने फूल उमललं.

“सांगा डॉक्टर, इथेही माझी नजर चुकली?”

जादूगार खाली बसून उगीचच वायरी चाचपू लागला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. “बरं, बरं. पुढच्या महिन्यात बघू काहीतरी. तोवर चालू द्या.”

ताईने माझ्या पडद्याखालून लाल वही खेचून काढली. मी दोन बोटं खाली आलो. तिने वहीतला कोरा कागद फाडला, ठळक अक्षरांत लिहिला आणि माझ्या तोंडावर, अगदी वरच्या कडेला, चिकटवला : ‘हा कॉम्प्युटर धोक्याचा इशारा देत नाही. प्रत्येक आकडा स्वतः वाचा.’

“अहो ताई, पेशंट वाचतील ना!” डॉक्टर म्हणाले.

“वाचू देत. त्यांचंच रक्त आहे.”

तर असा मी. पिवळा चौकोन अजून रोज येतो आणि कोणीतरी अजून टिचकी मारतं. पण त्याच्या वर ही चिठ्ठी आहे. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडावर खरं बोलणारं, आणि कोणी टिचकी मारून घालवू शकणार नाही असं काहीतरी. माझ्या उष्णतेने तिचा डावा कोपरा सुटायला लागलाय. तुम्ही रिपोर्ट न्यायला आलात, तर तेवढा अंगठ्याने दाबून बसवा. आणि डॉक्टर भेटले तर माझा निरोप सांगा : मला घासूनपुसून पुन्हा नवा म्हणून बसवू नका. भिंतीतली पिन काढा आणि मला खरोखर बंद होऊ द्या.