खाली उतरल्याचा फोन

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. कागदोपत्री मी बिघडलेलाही आहे. यातलं पहिलं खरं आहे. दुसऱ्याबद्दल सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. चार हात, चार पंखे, पोटाखाली कॅमेरा. मला ज्यांनी घरी आणलं त्या बाई उंच छपरांची तपासणी करायच्या. पत्रा कुठे गंजला, भेग कुठे पडली, हे शिडी न लावता त्यांना दाखवायचं, हे माझं काम. मदतीला त्यांचा धाकटा दीर असे. तो त्यांना वहिनी म्हणे, त्या त्याला भाऊजी म्हणत, आणि दोघंही मला ‘आपला’ म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा.

आमची बरीचशी कामं विमानतळाजवळच्या गोदामांवर असत. तिथे मनाला येईल तसं उडता येत नाही. जागा कोणती, उंची किती, वेळ कोणती, याची आधी परवानगी काढावी लागते. उडण्यापूर्वी विमानतळाच्या टॉवरला फोन करायचा आणि उतरल्यावर पुन्हा करायचा. तो दुसरा फोन येईपर्यंत टॉवरवाले मी हवेतच आहे असं धरून चालतात आणि त्या बाजूने विमान आणत नाहीत. माझ्यासारख्या टीचभर जिवासाठी एवढाली विमानं वळसा घेतात, याचा मला केवढा तोरा होता!

वहिनी मला उडवायच्या, फोन भाऊजी करायचे. फोन झाला की ते मोठ्याने म्हणत, ‘सांगितलं.’ वहिनी म्हणत, ‘ऐकलं.’ मगच माझे पंखे पुसून मला पेटीत ठेवायचं. सहा वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. टॉवरवरच्या काकांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण ते एकदा भाऊजींना म्हणाले होते, “तुम्ही उतरलो म्हणालात की मी दुर्बीण लावत नाही.” ही शाबासकी भाऊजींनी घरी इतक्या वेळा ऐकवली की कामाच्या गाडीवर वहिनींच्या नावाशेजारी आपलंही नाव हवं, असं त्यांनाच वाटू लागलं.

एका सकाळी त्यावरूनच गाडीत जुंपली. “उडवण्याचा परवाना माझ्या नावावर आहे,” असं वहिनींनी सुनावलं. भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले. शेवटी उडण्याआधीचा फोन वहिनींनीच, दातओठ खात केला.

अकरा चाळीसला मी अलगद उतरलो. भाऊजी कानाला फोन लावून लांब जाताना वहिनींनी पाहिले आणि त्या निश्चिंत झाल्या. पण त्या फोनवर भाऊजी आपल्या बायकोकडे गाऱ्हाणं सांगत होते. आज फोनचं काम वहिनींनी हाती घेतलंय तर दुसराही त्याच करतील, असा त्यांचा हिशेब. ‘सांगितलं’ कुणी म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे विचारायला दोघांपैकी एकाला आधी बोलावं लागलं असतं.

वहिनी गोदामाच्या मॅनेजरकडे गेल्या आणि शिरस्त्याप्रमाणे त्यांनी फोन मुका केला. टॉवरवरून सात वेळा फोन आला. एका पेशंटला आणणारं छोटं विमान एकोणीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं. मी तेव्हा पेटीत होतो, पंखे न पुसलेले. पेशंट वाचला, हे नंतर काकांनीच कळवलं.

चौकशीचा कागद आला. यंत्र वेळेत का उतरलं नाही, असा प्रश्न. फोन विसरलो असं लिहिलं तर परवाना जाणार, आणि घर त्या परवान्यावर चालायचं. वहिनी जेवणाच्या टेबलाशी पेन धरून बसल्या होत्या. मी समोरच होतो.

“याच्यावर घाला, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “याला ना पोरंबाळं, ना परवाना.”

“तो वेळेवर उतरलाय.”

“ते तुम्हाला माहीत, मला माहीत.”

मलाही माहीत होतं, मित्रांनो. अकरा चाळीस, माझ्या पोटात नोंदलेलं. वहिनींनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं की संपर्क तुटला आणि यंत्र हवेत अडकून राहिलं. त्यांनी माझी सगळी नोंद पुसली. इतक्या हळुवारपणे त्यांनी माझे पंखेही कधी पुसले नव्हते.

परवाना वाचला. माझ्याच जातीचा नवा ड्रोन आला. ते त्याला ‘आपला’ म्हणतात. मी सुट्या भागांसाठी पेटीत असतो. दोन पंखे त्याला लावून झाले आहेत. गाडीवर आता दोघांची नावं आहेत.

परवा नवा उतरला. आता फोन वहिनी स्वतःच करतात. “उतरला,” त्या म्हणाल्या.

“थांबा ताई,” पलीकडून काका शांतपणे म्हणाले. “मी दुर्बिणीतून बघतो.”

मित्रांनो, तुमच्या वस्तू पुसून ठेवा, जपून वापरा, हे सगळे सांगतात. मी एवढंच मागतो, की तुमची चूक आमच्या पोटात भरू नका. वहिनी फोन धरून उभ्या होत्या. काका बघेपर्यंत त्यांना तसंच उभं राहावं लागलं.