एक्क्याण्णवची पैज

गणपतीसाठी घरचा पाट पेणला मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा, त्यावर खडूने नंबर पडायचा आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी यायची, ही हैबतराव मास्तरांच्या घरची रीत. यंदा त्यांची मुलगी वैशाली वडिलांसोबत रोह्याहून पाट घेऊन निघाली खरी, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आई गेल्यापासून आप्पा एकटे राहत. हल्ली गॅस चालू ठेवून बाहेर पडत, शेजारच्याच गल्लीत वाट चुकत. त्यांना नागपूरला आपल्याकडे न्यायचं तिनं ठरवलं होतं. आप्पांनी साफ धुडकावलं.

"गणित शाबूत हाय तोवर मी शाबूत," ते म्हणाले होते. "ज्या दिवशी एक्क्याण्णवला मूळ संख्या म्हणेन, त्या दिवशी ने मला. चकार शब्द काढणार नाय."

एक्क्याण्णव म्हणजे मास्तरांची लाडकी, महाखट संख्या. सम नाही, शेवटी पाच नाही, अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीननंही भाग जात नाही. पोरं तिथंच थांबून मूळ म्हणत आणि मास्तर मिशीत हसत. सात आणि तेरा आत दडून बसलेले असत. एकापासून तेरापर्यंत बेरीज करा, एक्क्याण्णव. खाली सहा ओळींत सहा-सहा लाडू, त्यावर पाच ओळींत पाच-पाच, असे थर रचत टोकाला एक ठेवा, तरी एक्क्याण्णवच. असल्या संख्येवर आप्पांनी आपलं राहतं घर पणाला लावलं होतं. वैशालीला या हट्टाचा संताप येई आणि मनातून भीतीही वाटे.

पेणच्या मूर्तींच्या कारखान्याचा मालक कमळाकर मास्तरांचाच विद्यार्थी. त्यानं पाटावर खडूनं ९१ लिहिलं आणि पाट आप्पांसमोर धरला. "बघा सर, कुठला नंबर आला!"

आप्पांनी आकड्यावरून बोट फिरवलं. "वा! मूळ संख्या. चांगलं हाय."

सर चेष्टा करतायत असं वाटून कमळाकर खो खो हसला. पैज वैशाली जिंकली होती, आणि तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं.

परतीच्या एसटीत नागोठणं मागे पडलं. मग आप्पा सवयीनं पाढा पुटपुटू लागले. "तेर पाचे पासष्ट, तेर सक अठ्ठ्याहत्तर, तेर सत्ते..." आणि थबकले.

"पाटावर नंबर किती पडला गो?"

वडिलांना मुद्दाम चुकीचं उत्तर देण्याची हिंमत तिला आजवर झाली नव्हती. "सत्त्याण्णव," ती म्हणाली.

"मग ती मूळच." आप्पांचा चेहरा खुलला. जरा वेळानं त्यांनी खिडकीच्या काचेवर बोटानं ९१ काढलं. मग हळूच म्हणाले, "शून्य मार्क. खोटं बोलायला तुला कोणी शिकवलं?"

"आठवलं ना तुम्हाला, आप्पा? मग झालं तर. राहा इथंच."

"आता आठवलं. गॅस चालू असताना आठवेल?" त्यांनी तिचा हात धरला. "ठरलंय तसं कर. फक्त गणपतीला मला इकडे आणशील ना गो?"

"व्हय, आप्पा."

रोहा येईपर्यंत त्यांनी हेच पुन्हा पुन्हा विचारलं, आणि वैशाली दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं व्हय म्हणत राहिली.