लाल चिमटा

आमच्या बंधुराजांनी बाबांचा रंधा प्लास्टिकच्या पिशवीतून आणून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हाच त्याला पिशवीसकट जिन्यावरून खाली धाडायला हवं होतं. पिशवी उघडली तर आत नुसता तांबडा गंज. हा तो रंधा, ज्याच्यावर रोज संध्याकाळी तेलाचा बोळा फिरवल्याशिवाय बाबा हात धुवायचे नाहीत.

"हे काय आहे रे?"

"बाल्कनीत होता, ताई. वॉशिंग मशीनचा पाइप जरासा गळतो."

"जरासा!"

बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, दुकान बंद झालं आणि ते भावाकडे राहायला गेले. जाताना हत्यारं वाटली. वाटली कसली, सगळी त्यालाच दिली, कारण तो मुलगा. त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. मी पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करते, दिवसभर माझ्या हातात पाना नाहीतर पक्कड असते. मला काय मिळालं? "तू जपून राहा." ते जाऊ दे. नाही, जाऊ दे कशाला? नाहीच जाऊ देणार.

बाबा रोज विचारायचे, "माझा रंधा कुठाय?" आणि हा रोज सांगायचा, "धार लावायला दिलाय." आठ महिने! डॉक्टरांनी हात चालवायला दिलेला रबरी चेंडू बाबा भिरकावून देत. रविवारी ते माझ्याकडे यायचे होते, आणि त्यांनी बजावलं होतं, "तिथे मला माझा रंधा हातात हवा." तेव्हा कुठे बंधुराजांना बहीण आठवली.

शनिवारी मी कामाला लागले. प्लास्टिकची बादली, पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा आणि गाडीच्या बॅटरीचा चार्जर. चार्जरला दोन चिमटे असतात. काळा लावायचा गंजलेल्या वस्तूला आणि लाल लावायचा भंगारातल्या लोखंडाला. दोन्ही वस्तू पाण्यात सोडायच्या, एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, खिडकी उघडी ठेवायची. वीज सुरू केली की वस्तूवरून बारीक बुडबुडे निघतात, गंज सुटत जातो आणि भंगाराचा जीव जातो. मी खिडकीचा एक जुना गज घेतला. संध्याकाळपर्यंत रंध्याचं धड असं निघालं की मीच बघत राहिले.

रविवारी सकाळी काळा चिमटा लावून पातं बादलीत सोडलं. खरा जीव त्या पात्यातच. बाबांनी दगडावर घासून घासून ते निम्मं केलेलं, पुढे जेमतेम दोन बोटं उरलेली. गाडी माझ्याकडे, म्हणून बाबांना आणायला मीच निघाले. बंधुराज सकाळीच येऊन सोफ्यावर पसरले होते. त्याला म्हटलं, "बादलीकडे नुसतं बघ. हात लावायचा नाही."

बाबांना कपडे घालून, जिना उतरवून आणेपर्यंत तीन तास गेले. त्यांना खुर्चीत बसवलं आणि मागच्या बाल्कनीत गेले. बादलीतलं पाणी काळंतांबडं झालेलं. खिडकीचा गज स्वच्छ. आणि लाल चिमटा पात्याला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पातं बाहेर काढलं. धार खाल्ली गेली होती, कडेला बारीक खड्डेच खड्डे.

"चिमटे कोणी बदलले?" मी ओरडले. शेजारच्यांनीही ऐकलं असणार.

"मीच," तो म्हणाला. "तू उलटे लावले होतेस ना! बाबांच्या दुकानात काय असायचं? ज्याचं काम चालू त्याला लाल चिंधी, झालेल्याला काळी. मला वाटलं, घाईत तुझं चुकलं."

"अरे, चिंधी आहे का ती? गंज काढायच्या जागी तू पातंच खायला घातलंस! आयुष्यात एक गोष्ट लक्षात ठेवलीस, तीही माझ्या बादलीत आणून ओतलीस! आठ महिने पाण्यात ठेवून तुझं समाधान झालं नव्हतं?"

"ताई, हळू. बाबा ऐकतील."

"ऐकू दे!"

"ऐकलं," बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले. त्यांचं बोलणं आता सावकाश झालंय, पण आवाज तोच आहे. "आण इकडे."

मी पातं त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी अंगठा खड्ड्यांवरून फिरवला. भाऊ दारात मान खाली घालून उभा.

"लाल तू लावलास?"

"हो, बाबा. तुम्हीच तर..."

"हो. मीच शिकवलं." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि काळा लावायचा, हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. माझं मी शिकले."

"हं." त्यांनी पातं उलटून दुसरी बाजू चाचपली. "तुला मी काहीच शिकवलं नाही."

हे ऐकायला मी तीस वर्षं थांबले होते. बरं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला.

"आता सांगताय? हात गेल्यावर?" मी तोंडावर म्हटलं.

"हो, आता," बाबा म्हणाले. "बोटभर तरी पोलाद आहे अजून. दगड आण."

मी धारेचा दगड आणून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला, त्यावर पाणी शिंपडलं.

"मी काही करू?" भावाने विचारलं.

"तू बस!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

बाबांनी डाव्या हाताची बोटं पात्यावर दाबून धरली. मागून ढकलायला त्यांचा उजवा हात चालत नव्हता, तिथे मी माझा लावला आणि जोर दिला. दगड करकरला.

"उलटं धरलंयस," बाबा खेकसले.

"शिकवलं असतं तर सरळ धरलं असतं," मी म्हटलं, आणि पातं फिरवून धरलं.