पाशाचं तख्त कोरडं पडलं तेव्हा

मित्रांनो, साम्राज्यं बुडतात, तख्तं मोडतात. पण एक आसन असं आहे, ज्याच्यापुढे पाशालाही रोज हजर व्हावंच लागतं. ते आसन म्हणजे मी. मी एक जुना एनॅमलचा ट्रे आहे. पाशा हा बोका आहे, आणि तो माझ्यात मुततो.

हे काही माझ्या जन्मापासूनचं नाही. सर्बियातल्या या घरात मी देसांकाआजीच्या आंदणात आलो. घराण्याच्या रक्षक संताच्या वार्षिक सणाला डुकराचं अख्खं पिल्लू माझ्यात खरपूस भाजलं जाई. पाहुणे आधी माझ्याकडे बघत, मग यजमानांकडे. पुढे माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला आणि माझ्यात वाळू भरून मला न्हाणीघरात ढकललं.

तो वास! डोळ्यांतून पाणीच यायचं. मला डोळे नाहीत एवढीच देवाची कृपा. रादिवोयेआजोबा रोज नाकाला रुमाल लावून ओली ढेकळं उपसत आणि ओरडत, "खातोस चिमणीएवढं, करतोस बैलासारखं!"

एका सकाळी पाशा आला, बसला, कुंथला. काही नाही. गेला, परत आला, परत बसला. मध्येच शेपटीखाली चाटत सुटला, मग असा विव्हळला की माझं एनॅमल शहारलं. शेवटी एक थेंब पडला, गुलाबी. मी काय काय सोसलंय, पण खरी शिसारी आली ती त्या एका थेंबाची. बाकी मी ठणठणीत कोरडा.

आजोबा खूश. "आज आपल्याला सुट्टी!"

"सुट्टी कसली? समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाकतोस, वर हा गार फरशीवर बसतो. शिरला वारा पोटात!" आजी म्हणाली. या घरात प्रत्येक दुखणं खिडकीतूनच येतं. तिने पाशाच्या पोटाला लोकरीचा पट्टा बांधला. पाशा त्या पट्ट्यावर पिवळा फेस ओकला. शी!

"बद्धकोष्ठ असेल. तेल पाज," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात पाशा पुन्हा माझ्यात बसला. पाठ वाकवून, भिंतीकडे बघत. आजोबा वाकून त्याच्याकडे बघू लागले. मागच्या हिवाळ्यात तेही असेच भिंतीकडे बघत उभे राहायचे, कमरेला हाच पट्टा बांधून.

"देसांका, पट्टा सोड."

"वारा लागेल त्याला!"

"वारा नाही गं. मूत तुंबलंय त्याचं. माझं तुंबलं होतं तसं."

"तू तर म्हणालास उसण भरलीय!"

"मग काय, तुझ्या बहिणीसमोर सांगू?"

त्यांनी पाशाच्या पोटाला हात लावला. दगडासारखं टणक! पाशा कडकडून चावला. ते तशाच रक्ताळल्या हाताने त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. मी मागे कोरडाच पडून राहिलो. ज्या घाणीला रोज शिव्या दिल्या, तिची वाट बघत.

आजोबांनी परत येऊन सांगितलं, डॉक्टरांनी नळी घालून तुंबलेलं मोकळं केलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यावर टाकलं असतंत, तर हा उरला नसता. बोक्याची लघवीची वाट दोऱ्याएवढी बारीक असते."

काही दिवसांनी, सोमवारी, पाशा घरी आला, माझ्यात बसला आणि धार सोडली. गरम, उग्र, लांबलचक. किळस आली, पण काय ती गोड किळस! दारात आजीने छातीवर क्रुसाची खूण केली. आजोबांनी टोपी उतरवली.

"काय धार आहे!" ते म्हणाले. आवाजात थोडा हेवा होता.

तेव्हा मित्रांनो, नाक धरा, पण रोज माझ्यात डोकावा. बोका सारखा बसतोय आणि मी कोरडाच आहे, असं दिसलं तर पट्टा नको, तेल नको. त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

आणि आजोबा, टोपी घाला आता. ती वाळू तेवढी बदला. आनंदाच्या भरात सोमवारपासून तशीच आहे.